एका मिनिटाचं वाचन

मोठ्या बाईंनी वर्गाच्या भिंतीवर तक्ता लावला. एका बाजूला मुलांची नावं, पुढे दर शुक्रवारचा एकेक चौकोन. मुलाने मोबाईलसमोर एक मिनिट वाचायचं आणि मोबाईलने शब्द मोजायचे. चाळीसच्या वर गेले तर चौकोन हिरवा, नाहीतर लाल. लागोपाठ तीन लाल झाले की मुलाची रवानगी मागच्या खोलीत. तिथे आमच्या तिसरीची मुलं दिवसभर फळ्यावरची अक्षरं घोकत बसत. तिथून वर्गात परत आलेलं मूल मी तरी पाहिलं नव्हतं.

याआधी आम्ही मुलांची उंची, वजनं, चपलांची मापं, सगळं भरून पाठवलं होतं. पाठवलेल्याचं पुढे काय झालं ते कुणी कधी विचारलं नाही. हा तक्ता मात्र डोळ्यांसमोर होता, रोजचा.

माझ्या वर्गात एका मुलीला लागोपाठ दोन लाल झाले होते. पोरं तिला गोगलगाय म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. "गोगलगाय पोचते, बाई," असं तिनेच मला एकदा ऐकवलं होतं. तिला वाचता येत नव्हतं असं नाही. वाचता वाचता तिला प्रश्न पडायचे आणि उत्तर मिळेपर्यंत ती पुढच्या ओळीवर जात नसे.

शेजारच्या वर्गाच्या सरांकडे एकही लाल नव्हता.

"माझं शेत बघा बाई, कसं हिरवंगार आहे."

"कसं काय जमवलंत?"

"कच्च्या पोरांचं मीच वाचतो. जरा पातळ आवाज काढायचा. यंत्राला काय, मी वाचलं काय आणि पोराने वाचलं काय."

"मला नाही जमायचं हो ते."

मी रोज सकाळी देवापुढे बसते आणि एवढंच म्हणते, आज खोटं बोलणार नाही, खोटं लिहिणार नाही. बावीस वर्षं झाली. सरांना ते ठाऊक होतं.

"तुमचा देव तक्ता तपासायला येणार आहे होय?" ते म्हणाले. "पोरगी मागच्या खोलीत गेली तर तिच्या आईला काय सांगाल? माझा नेम आहे म्हणून?"

ते वाक्य मला लागलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी उतारा शेळीचा होता. कळप घरी निघतो, एक शेळी मागे राहते. गोगलगाय छान वाचत होती. अर्ध्यावर आली आणि बोट ओळीवर ठेवून तिने वर पाहिलं.

"बाई, गुराख्याने शेळ्या मोजल्या नव्हत्या का?"

"पुढे वाच, बाळा."

"मोजल्या असतील तर एक कमी भरली ना. मग तो मागे का नाही गेला?"

मोबाईल वाजला. चौतीस. खाली एक बटण आलं, पुन्हा प्रयत्न करा. एकदाच मिळतो तो.

मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला.

"हे बघ, आता मधे थांबायचं नाही. विचार करायचा नाही. नुसते शब्द म्हणत सुटायचं."

"आणि कळलं नाही तर?"

"नाही कळलं तरी चालेल."

तिने श्वास घेतला आणि धाडधाड वाचत सुटली. अठ्ठावन्न. चौकोन हिरवा झाला. पोरगी वर्गात राहिली, माझा नेमही राहिला. त्या दिवशी मी समाधानाने घरी गेले. आता ते समाधान आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

सांगितलेलं ऐकणारी मुलगी ती. पुढच्या शुक्रवारी सहासष्ट, मग एक्याऐंशी. पोरं तिला मोटार म्हणायला लागली. मोठ्या बाईंनी तिचा फोटो काढला आणि माझ्या हातात एक फॉर्म दिला. वर छापलं होतं, प्रगतीसाठी वापरलेली पद्धत. मी लिहिलं, "विचार करू नकोस असं सांगितलं."

मोठ्या बाई बघतच राहिल्या. "असं लिहितात का?"

"खरं तेच लिहिलंय."

"खरं असेल हो. पण हे वर जातं." त्यांनी माझं वाक्य खोडून वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ताणमुक्त वाचन.

महिन्याभराने तिची आई आली. शिवणकाम करते, स्वतःला वाचता येत नाही. गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या मुलगीच वाचून दाखवते.

"तक्रार नाही बाई माझी," ती दारातूनच म्हणाली. "पण पूर्वी ती थांबून सांगायची, आई, यांनी गळ्याचं माप दिलंच नाही, विचारून घे. आता भराभर वाचते आणि म्हणते, झालं. काय लिहिलंय विचारलं तर म्हणते, ते नाही बघितलं. परवा दोन झगे वाया गेले माझे."

"माझंच चुकलं," मी म्हणाले.

"तुमचं कसं चुकेल? तुम्ही तर तिला पहिलं आणलंत."

शेजारच्या वर्गातली कच्ची पोरं अजूनही अडखळत वाचतात. त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शेळीच्या उताऱ्यातल्या गुराख्यावरून भांडत होती. एक म्हणे तो दमला असेल, दुसरा म्हणे तो आळशीच होता. सरांनी रोज धडधडीत खोटं बोलून त्यांचं डोकं शाबूत ठेवलं होतं. मी एक अक्षर खोटं न बोलता हिचं बंद केलं.

शाळा सुटल्यावर मी तिला थांबवलं. मोबाईल पर्समधे टाकला, कपाटातलं चित्रांचं एक पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. हरवलेल्या होडीची गोष्ट होती.

"सावकाश वाच. कुठे काही वाटलं तर विचार."

तिने मान हलवली. पान एका दमात संपवलं, मग दुसरं, मग तिसरं. कुठेही वर पाहिलं नाही. शेवटच्या शब्दावर बोट टेकवून म्हणाली, "किती झाले?"

"मोजले नाहीत मी."

तिचा चेहरा उतरला. मग तिने समजूतदारपणे पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर उघडलं.

"असू दे बाई. मी परत वाचते, तुम्ही मोजा."