चटका आणि शेक

मित्रांनो, माझ्या पोटात गरम पाणी असतं आणि तोंडाला घट्ट बूच. त्यामुळे आयुष्यभर मी ऐकलं खूप, बोलले काहीच नाही. आज बोलते. मी एक जुनी, लाल रबराची शेकाची पिशवी आहे.

माझा जन्म कारखान्यातला. रबराची दोन पानं साच्यात दाबून माझ्या कडा जुळवल्या, मग मला फुगवून पाण्यात बुडवलं. एकही बुडबुडा आला नाही, तेव्हा तिथली बाई म्हणाली, "ही टिकेल हं." त्या शब्दावर मी कितीतरी दिवस फुगून होते.

मला विकत घेतलं एका इस्त्रीवालीने. पुढे दुकान, मागे घर, मध्ये नुसता पडदा. दिवसभर वाफ आणि ओल्या कापडाचा वास. तिला मी आईच म्हणते, कारण तिची लेक ठकी तिला आई म्हणायची. सुरुवातीला मी आईची कंबर शेकायची. पुढे ठकीला पाळी येऊ लागली आणि मी ठकीची झाले.

पाळीत पोट थोडंफार दुखणं अनेकींना माहीत असतं. ठकीचं दुखणं निराळंच होतं. ती मला पोटाशी आवळून गुडघे छातीशी घ्यायची आणि उशीचा कोपरा दातांत धरायची. त्या दिवसांत शाळा बुडायची. मैत्रिणी म्हणायच्या, "नाटकी!" आई मला भरून आणायची, वर तळहात टेकवायची आणि म्हणायची, "कोमटच आहे गं. घे."

शेजारी ठकीची आत्या राहायची. ती काढा घेऊन यायची. "पी. सगळं झाडपाल्याचं आहे. शेक आहे, काढा आहे, आणखी काय हवं? ही पिशवी म्हणजे आपल्या घरचा डॉक्टर!"

"आत्या, पण फार दुखतंय गं."

"दुखणारच. बाईच्या जातीला ते चुकलंय का?"

डॉक्टर म्हटल्यावर कोणाला आवडणार नाही? मलाही आवडलं. पण आतल्या आत धास्ती वाटायची. मी थंड पडायचे, ठकीचं दुखणं मात्र थंडावत नसे. महिन्यागणिक ते वाढतच होतं.

मग तो दिवस उजाडला. दुकानात गर्दी होती. ठकीने पोटावर मला बांधून घेतलं होतं, वरून सैल सदरा घातला होता आणि ती इस्त्री करत होती. मला तिच्या पोटाचे स्नायू दगडासारखे घट्ट झालेले कळत होते. एकाएकी इस्त्री पालथी पडली आणि ठकी टेबलाखाली कोसळली. कापड करपल्याचा वास सुटला. आधी कुणाला कळेना, इस्त्री उचलायची की पोरीला.

"ठकी! अगं ठकी!" आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. ओठ पांढरे पडले होते.

आत्या पडदा सारून धावत आली. "वहिनी, काढा आणते मी."

"काढा नको, वन्सं! गाडी बोलवा!" आईचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

गाडीत ठकी मला छातीशी धरून होती. तोवर मी गार झाले होते, तरी तिने मला सोडलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ठकीचा सदरा वर केला आणि त्या थांबल्या. पोटावर तपकिरी डागांची जाळी उमटली होती, जणू कोणी कोळिष्टक रंगवलं होतं.

"हे कधीपासून?"

आई घाबरली. "मी तर कोमटच भरते हो! हात लावून बघते दर वेळी."

बाईंनी आईचा हात हातात घेतला. वर्षानुवर्षं इस्त्री धरून त्या तळव्याचं कातडं जाड झालं होतं. "ताई, तुमच्या हाताला जे कोमट, ते हिच्या पोटाला भाजतं. आणि पोरगी भाजणंही सोसत होती. म्हणजे आतलं दुखणं किती असेल?"

ठकी हुंदका देऊन रडली. तिचं खरं मानणारं पहिलं माणूस तिला भेटलं होतं.

बाईंनी तिला विचारून विचारून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एंडोमेट्रिओसिस असावा. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, भलत्या जागी वाढतात. तपासण्या करू, औषधं देऊ."

"म्हणजे शेक बंद?" आत्याने विचारलं.

"मुळीच नाही. कापडात गुंडाळून, सोसेल इतकाच शेक द्या. तोही थोडा वेळ. हलकं चालणं, सावकाश श्वासाचे व्यायाम, पुरेशी झोप, सकस जेवण, या सगळ्याने आराम पडू शकतो. पण हा आजार एवढ्याने जात नाही. आणि तुमच्या काढ्यात काय काय असतं?"

"ते आमच्या घरचं गुपित आहे."

"औषधांच्या जोडीला पोटात जाणार असेल, तर मला गुपित चालणार नाही."

आत्याने मुकाट्याने एकेक नाव सांगितलं. बाईंनी त्यातल्या दोन गोष्टींना नकार दिला. मग त्या आईकडे वळल्या. "तुम्हालाही असंच दुखायचं का?"

आईने ठकीचा सदरा खाली ओढून सारखा केला. "दुखायचं," ती म्हणाली. "मला वाटायचं, सगळ्यांचंच असं असतं. मला कधी कुणी विचारलंच नाही."

मित्रांनो, ठकी एका रात्रीत बरी झाली, असं मी सांगणार नाही. अजूनही काही महिने कठीण जातात. पण आता ती शाळेत जाते, औषधं घेते, संध्याकाळी आईबरोबर फिरून येते. फिरताना आईसुद्धा बोलते, स्वतःच्या दुखण्याबद्दल.

माझं रबर आता भेगाळलं आहे. नवी पिशवी आली, तिला लोकरी अंगरखाही आहे. मला वाईट वाटत नाही. जुनं रबर फुटलं तर गरम पाण्याने पोळतं, म्हणून मला फेकलं तरी चालेल. माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या घरात, वर्गात कुणी पोट धरून बसली असेल, तर तिला जरूर शेक द्या. पण आधी तिच्याजवळ बसा, कुठे आणि किती दुखतंय ते विचारा, आणि तिचं सांगून होईपर्यंत उठू नका.