ग्राशीला पाडलं ते मी नव्हे

मी एक जुनी पोलादी सायकल आहे आणि मित्रांनो, मी रागावलेली आहे. म्हाताऱ्या सायकलीने गोड बोलावं, जुन्या दिवसांची आठवण काढून हळूच उसासा टाकावा, अशी तुमची अपेक्षा असेल. उसासेही आहेत माझ्याकडे. पण आधी राग ऐका.

माझा जन्म एइबारचा. त्या गावात पूर्वी बंदुका बनत. पुढे त्याच कारागिरांनी त्याच भट्ट्यांवर सायकली घडवायला घेतल्या. त्यामुळे माझी नळी बंदुकीच्या नळीसारखी सरळ आणि मजबूत होती. एर्रामुनने मला विकत घेतलं आणि आगगाडीत न चढवता डोंगर ओलांडत थेट बाझतानच्या खोऱ्यात, आमायुरला आपल्या घरी नेलं. दारात त्याची बायको ग्राशी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बायकोला चालवत आणतोस आणि हिला पुसत पुसत आणतोस!" ती म्हणाली.

"तू गंजत नाहीस ना," एर्रामुन म्हणाला. ग्राशीने हातातला ओला फडका त्याच्या तोंडावर फेकला. त्याने त्याच फडक्याने माझं हँडल पुसलं.

असे ते दोघे होते. ग्राशीची स्वतःची एक हलकी सायकल होती. दर जूनमध्ये गवताची कापणी आटोपली की दोघं दौऱ्यावर निघत. ओत्सोन्दोची खिंड चढायची, पलीकडे उर्दाशला उतरायचं, देशाची सीमा ओलांडून आयनोआला एर्रामुनच्या बहिणीकडे, माद्दालेनकडे मुक्काम करायचा, आणि मग पायथ्यापायथ्याने गावं घेत हिंडायचं. पांढऱ्या भिंती, लाल खिडक्या, दारावर कोरलेलं घराचं नाव. आमच्याकडे माणसाला घराच्या नावाने ओळखतात. ग्राशी कुठल्याही अंगणात सायकल टेकवून हाक मारायची, आणि थोड्याच वेळात मक्याची गरम भाकरी, मेंढीच्या दुधाचं चीज आणि सफरचंदाची आंबट दारू पुढे यायची. मग एर्रामुन गाऊ लागे, आणि ग्राशी त्याला म्हणे, "पुरे, यांच्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतील."

मी पाठीवर तंबू वाहिला, चेरीच्या टोपल्या वाहिल्या, एकदा पाय मोडलेलं कोकरू वाहिलं. आमच्या डोंगरात पाऊस पडत नाही, तो हवेत लोंबकळतो. अंग भिजल्यावरच कळतं की तो होता. म्हणून एर्रामुन रोज संध्याकाळी मला कोरडी करी. चेनला तेल, ब्रेकच्या रबरांवर अंगठा फिरवून तपासणी. तो म्हणायचा, "चढताना पाय लागतात, उतरताना विश्वास." मला त्याचा अंगठा अजून आठवतो.

एर्रामुन हिवाळ्यात गेला. छातीत दुखलं आणि गेला. ग्राशीची सायकल तोपर्यंत भंगारात गेली होती. मी गोठ्यात उभी होते. ग्राशी गाईचं दूध काढायला आली की माझ्याकडे पाठ करून बसायची. तिला मी बघवत नव्हते, आणि मला ते समजत होतं. तिच्यावर माझा राग नाही.

माझा राग पेयोवर आहे.

पेयो म्हणजे एर्रामुनच्या धाकट्या भावाचा मुलगा. देखणा, गोडबोल्या, डोक्यावरची काळी चपटी टोपी नेहमी एका कानावर कललेली. त्याने गावच्या चौकात पाहुण्यांसाठी सायकलींचं दुकान काढलं. डोंगर बघायला येणाऱ्यांना सायकली द्यायच्या आणि रस्ता दाखवायचा. ग्राशीने मला त्याच्या हवाली केलं.

"नीट ठेव रे. तुझ्या काकाचा जीव होता हिच्यावर," ती म्हणाली.

"काकू, राणीसारखी ठेवतो!"

राणीसारखी! त्याने माझ्या गंजावरच लाल रंग फासला. गंज घासायचा असतो, मग रंग द्यायचा असतो, हे तुम्हा मुलांनाही ठाऊक असेल. पुढे एक टोपली बांधली, त्यात प्लास्टिकच्या मिरच्यांची माळ लटकवली. रात्रभर मी दुकानाबाहेर पावसात. ब्रेकचं रबर झिजलं. मागच्या ब्रेकच्या तारेचे धागे एकेक करून तुटू लागले. मी ओरडले, मित्रांनो. उतार आला की मी कर्कश ओरडायचे, इतकं की मेंढ्या रस्ता सोडून पळायच्या. पाहुणे परत येऊन तक्रार करायचे.

"आवाजच येतोय ना? थांबतेय ना? मग झालं!" पेयो म्हणायचा आणि पेलोताचा, म्हणजे भिंतीवर चेंडू मारायच्या खेळाचा, सामना बघायला पळायचा.

अशी काही वर्षं गेली. मग एका जूनमध्ये ग्राशी दुकानात आली. सत्तरी जवळ आली होती, तरी ताठ चालायची. तिने माझ्या सीटवर हात ठेवला, कित्येक वर्षांनी.

"माद्दालेनला भेटून येते," ती म्हणाली. "एर्रामुन गेल्यापासून गेले नाही. या वर्षी जावंसं वाटतंय. हिच्यावरूनच."

माझ्या सगळ्या तारा झंकारल्या. पण ग्राशीने मला चौकात थोडं फिरवलं आणि ती थांबली.

"पेयो, हिचे ब्रेक ओरडताहेत रे."

"जुन्या सायकली बडबडतातच, काकू. जुन्या बायकांसारख्या!" आसपासचे हसले. ग्राशीही हसली.

"मस्करी पुरे. तपासलेस का?"

"कालच तपासले. डोळे मिटून जा."

काल! काल तो दिवसभर भिंतीशी चेंडू खेळत होता. मला कुणी हातही लावला नव्हता. घरच्या पोरावर विश्वास ठेवून ग्राशी निघाली.

चढ आम्ही हळूहळू चढलो. ती मध्येमध्ये उतरून मला ढकलत होती आणि एर्रामुनचं तेच बेसूर गाणं गुणगुणत होती. खिंडीत तिने चीज खाल्लं, धुक्याकडे बघत बसली, आणि डोळे पुसले. मग आम्ही उर्दाशच्या बाजूने उतरायला लागलो. रस्ता ओला होता. पहिल्या वळणावर मी किंचाळले. दुसऱ्या वळणावर पुढचं रबर संपलं आणि लोखंड रिमला घासलं. ग्राशीने मागचा ब्रेक आवळला. तार तुटली.

मी काय करणार होते? मला हात नाहीत. एका बाजूला दरी होती. ग्राशीने दात आवळून हँडल डोंगराकडे वळवलं. आम्ही नेच्यांच्या रानात घुसलो आणि त्यामागच्या दगडी कुंपणावर आदळलो. पुढचं चाक धरणारा माझा चिमटा वाकला. तिचं खुब्याचं हाड मोडलं.

मात्तिन नावाच्या मेंढपाळाने तिचं कण्हणं ऐकलं. मदत येईपर्यंत तो तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. तिला इस्पितळात नेल्यावर त्याने मला गाडीत टाकून दुकानात आणून सोडलं आणि तुटकी तार पेयोपुढे धरली.

"हे बघ."

पेयोने तार खिशात घातली. त्याच संध्याकाळी भरल्या दारूगुत्त्यात तो म्हणाला, "सत्तरीला कुणी घाट उतरतं का? हट्टी आहे काकू. आणि ती सायकल तर मुळात अपशकुनीच."

लोकांनी माना डोलावल्या. म्हातारी हट्टी, सायकल अपशकुनी. संपलं! मात्तिन तेवढा उठून निघून गेला.

पुढचं ऐका. त्याने मला वाकलेल्या चिमट्यासकट दुकानाच्या पाटीखाली टांगलं आणि टोपलीत फुलांची रोपं लावली. पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. "किती गोड!" म्हणायचे. ज्या लोखंडावर ग्राशीचं हाड मोडलं, त्यावर फुलं! त्या फुलांना पेयो रोज न चुकता पाणी घालायचा. मला तेलाचा एक थेंब मिळाला नव्हता.

गावच्या जत्रेच्या दिवशी ग्राशी काठी टेकत आली. चौक भरला होता, ढोल वाजत होता, दुकानापुढे पाहुण्यांची रांग होती. तिने समोरच्या घरातून एक खुर्ची मागवली आणि दुकानाच्या दारापुढेच मांडून बसली.

"काकू, वाट अडतेय," पेयो म्हणाला.

"अडू दे. एकेक सायकल बाहेर काढ. माझ्यापुढे ब्रेक दाबून दाखव, मगच ती जाईल."

"लोकांसमोर कशाला तमाशा? घरी बोलू."

"मला हट्टी म्हणालास ते घरी म्हणालास का?"

ढोल थांबला. पहिल्या सायकलीचा ब्रेक लागला. दुसरी दाबल्या ब्रेकनिशी सरळ पुढे गेली आणि ग्राशीच्या काठीला धडकली. तिसरीची तार पेयोच्या हातातच सुटली. रांगेतल्या एका बाईने आपल्या मुलीला हाताला धरून मागे ओढलं. मग कुणीच पुढे येईना. मात्तिन गर्दीतून म्हणाला, "पेयो, खिशातली तारही दाखव की!"

पेयोचा चेहरा माझ्या रंगासारखा लाल झाला. त्याने दुकानाचं दार लावून घेतलं.

"आणि हिला खाली काढ," ग्राशी बंद दाराला म्हणाली. "लटकवून ठेवायला ती काही फाशीची कैदी नाही."

त्याने मला काढलं. चिमटा लोहाराकडे गेला. रंग खरवडला, गंज घासला. काही आठवड्यांनी तो मला ग्राशीच्या दारात घेऊन आला.

"झाली दुरुस्त, काकू."

"नक्की?"

"नक्की."

"मग बस तिच्यावर. ओत्सोन्दो उतरून दाखव."

पेयोने माझ्याकडे पाहिलं. मग आकाशाकडे. "आज रस्ता ओला आहे," तो पुटपुटला.

"तेव्हाही होता."

त्याने मला पुन्हा दुकानात नेलं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याने खरोखर काम केलं. नव्या तारा, नवी रबरं, प्रत्येक आटा पुन्हा पुन्हा आवळलेला. मरणाची भीती स्वतःला वाटली तेव्हा कुठे त्याला पाना सापडला!

मात्तिनने ग्राशीला आपल्या गाडीतून उताराच्या त्या दुसऱ्या वळणावर नेऊन बसवलं. पेयो वरून निघाला. त्याचे तळवे घामाने भिजले होते, ते माझ्या मुठींना जाणवत होतं. त्याला कुंपणावर नेऊन आपटावं असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू? पण सायकलीला सूड घेता येत नाही. जशी सांभाळाल तशी ती चालते. त्याने ब्रेक दाबला आणि मी ग्राशीच्या पायांपासून हातभर अंतरावर थांबले.

पेयो खाली उतरला. "काकू," तो म्हणाला, "मला फार भीती वाटली गं."

"मलाही वाटली होती," ग्राशी म्हणाली. "आणि मी तुझं नाव घेऊन हाका मारत होते."

तो रस्त्यावरच बसला आणि रडला. ग्राशीने त्याला जवळ घेतलं नाही. उठायला मदतही केली नाही. मात्तिनचा हात धरून ती गाडीत चढली.

आता पेयो प्रत्येक सायकल आधी स्वतः उतारावर नेतो. माद्दालेन बसने ग्राशीला भेटायला येते. ग्राशी मला पुसते, पण माझ्यावर बसू शकत नाही, आणि पुढेही बसू शकणार नाही. माझा चिमटा लोहाराने सरळ केला. तिचा खुबा तसा सरळ करणारा लोहार कुठल्याच गावात नाही.

म्हणून मित्रांनो, पेयो सुधारला, आता राग सोड, असं मला सांगू नका. एवढंच करा: कुणाच्या हाती काही देताना "तपासलंय" म्हणाल, तेव्हा ते तपासलेलं असू द्या. तुमच्या त्या एका शब्दावर कुणीतरी डोळे मिटून घाट उतरणार असतं.