कडी आतून

चाळीस दारांना मी कड्या आतून लावल्या. राहायची खोली म्हटल्यावर कडी आतूनच असणार ना? सुताराच्या हाताला हे सांगावं लागत नाही.

इमारत माझ्या भाच्याची. म्हणजे नकाशा त्यानं काढलेला. बहिणीचा मुलगा, आर्किटेक्ट. लहानपणी माझ्या रंध्याच्या ढलप्यांत लोळायचा. शिलाई कारखान्यातल्या पोरींना राहायला खोल्या बांधतोय, म्हणाला. माझी धाकटी लेक तिथंच शिवते. "मामा, पोरी तुझा शब्द मानतात. तू सांग." मी सांगितलं. छाती फुगवून सांगितलं! धाकटीच्या मैत्रिणी भाड्याच्या खोल्या सोडायला तयार झाल्या.

दुपारी भाचा काम बघायला आला. एक दार उघडून मिटलं.

"मामा, कड्या उलट्या बसल्यात. बाहेरून पाहिजेत."

"का रे, गुरं बांधायचीत?"

"कामाची पाळी सुटली की खोल्या बंद. पोरी रात्री भटकतात, सकाळी मशीन रिकामं. मालकाची अट आहे."

"आणि आग लागली तर?"

"वॉचमन असतो की."

"वॉचमनला दोनच हात असतात, भाच्या. तू नाही म्हणायचंस!"

"मग दुसऱ्यानं काढला असता नकाशा. माझ्या खोल्यांत निदान उजेड तरी आहे." मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "धाकटीची काळजी नको. तिला ऑफिसशेजारची खोली ठेवलीय. तिची कडी आतूनच राहू दे."

तोवर वाटत होतं, पोरगं भोळं आहे, मालकानं गुंडाळलं. छे! त्याला सगळं कळत होतं. आपली पोर तेवढी बाजूला काढली आणि बाकीच्यांना आणायला माझी जीभ वापरली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

मी हत्यारं पिशवीत भरली.

"मामा, आईला काय सांगू?"

"तिला मी सांगेन."

तडक कारखान्याच्या फाटकाशी गेलो. पाळी सुटली, पोरी बाहेर आल्या.

"भाड्याच्या खोल्या सोडू नका गं," मी म्हणालो.

"अहो काका, तुम्हीच म्हणालात ना, भाचा माझा आहे, डोळे झाकून या?"

मालकावर ढकलणं सोपं होतं. बहिणीचा चेहराही डोळ्यांपुढं आला. तरी सांगितलं, कड्या कुठून लागणार आणि कुणाच्या नकाशात.

"दादानं?" धाकटी म्हणाली.

मग तिच्या खोलीचंही सांगितलं. मैत्रिणी तिच्याकडे बघायला लागल्या.