सात नंबरची खोली

खटारा इमारतीशी थांबला तेव्हा विमलाला वरच्या मजल्यावर, सात नंबरच्या दारासमोर, वाळत घातलेलं हिरवं लुगडं दिसलं. शेजारणीनं दोरी वापरली असेल, असं तिला वाटलं. वापरू दे, म्हणाली ती मनाशी, आता रोजचाच शेजार.

छपन्न सालचा जानेवारी होता. मुलुंडला मिठागराच्या अंगाला नवीन इमारत उभी राहत होती. खाली पाच खोल्या, वर पाच, भिंतींना अजून गिलावा नाही. पण खोली मालकीची. परळच्या चाळीतली खोली पागडीवर सोडून तिचा नवरा दशरथ तावडे यानं सगळी रक्कम इमारत बांधणाऱ्या चंद्रप्रकाश शेठच्या हातावर ठेवली होती. वीस वर्षं कापडगिरणीत मागावर उभा राहिलेला माणूस. आज रजा मिळाली नाही म्हणून पहिल्या पाळीला गेला होता. सकाळी आठ वाजताच परळच्या खोलीत नवा भाडेकरू शिरला होता. विमला भांडी पोत्यात भरत होती आणि तो तिच्याच खुंटीवर आपली टोपी अडकवत होता.

विमला जिना चढली. अकरा वर्षांची लेक कुंदा देवघर पोटाशी धरून मागोमाग. सात नंबरचं दार उघडंच होतं. आत स्टो पेटलेला, त्यावर पेजेचं पातेलं, आणि पाटावर एक पन्नाशीपुढची बाई तांदूळ निवडत बसलेली.

"कोण पाहिजे?" बाईनं विचारलं.

"ही खोली आमची आहे," विमला म्हणाली. "तुम्ही चुकून शिरलात वाटतं."

बाई हसलीच. "चुकून? परवापासून राहतेय मी इथं. शेठच्या माणसानं किल्ली दिली."

"किल्ली आमच्याकडे पण आहे."

दोघींनी किल्ल्या काढल्या. एकाच कुलपाच्या. मग पावत्या काढल्या. तोच शिक्का, तीच शेठची लफ्फेदार सही, 'खोली नं. ७' दोन्हीवर. खाली खटारेवाला ओरडत होता, "बाई, सामान उतरवू का परत नेऊ?" परत कुठे नेणार?

बाईच्या पावतीवर नाव होतं रुक्मिणी परब. रुक्मिणीबाईंना वाचता येत नव्हतं. मुलगा जहाजावर खलाशी, तो गेल्या वर्षी सुट्टीवर आला तेव्हा त्यानं खोली घेऊन दिली होती आणि पावती आईच्या कनवटीला बांधून पुन्हा दर्यावर गेला होता. त्यांनी पावती विमलापुढे धरली. "बघ गो, काय लिहिलाय ता?"

विमला चौथीपर्यंत शिकलेली. तिनं वाचलं. मे महिना, पंचावन्न. तिच्या स्वतःच्या पावतीवर ऑगस्ट होता.

"सारखंच लिहिलंय," ती म्हणाली.

खोटं नव्हतं तसं. पण तारखेबद्दल ती बोलली नाही, आणि आपण बोललो नाही हे तिला तिथल्या तिथेच कळलं.

गलका ऐकून तीन नंबरमधले मार्तंडराव कर्णिक वर आले. पोस्टातून निवृत्त झालेले, इमारतीत सगळे त्यांना मानायचे. "आज मी ठाण्याला निघालोय लेकीकडे," ते म्हणाले. "रविवारी सगळे बसू. दोघी आपापल्या पावत्या आणा. जिची तारीख आधीची, तिची खोली. दुसरीचे पैसे शेठकडून वसूल करू."

शेठकडून वसूल! गेल्या दोन खेपांना घाटकोपरच्या पेढीला टाळं बघून दशरथ परतला होता. विमलाला पक्कं ठाऊक होतं, ज्याची खोली गेली त्याचे पैसेही गेले.

"रविवारपर्यंत कुठं जाशील पोरीला घेऊन?" रुक्मिणीबाई म्हणाल्या. "आत ये. तू खंयची गो?"

"कणकवलीकडची."

"मी मालवणची. ये. पेज आहे, जेवून घ्या."

विमला आत गेली. पेज प्याली. 

संध्याकाळी दशरथ आला. त्यानं दोन्ही पावत्या बघितल्या, तारखा बघितल्या, आणि बाहेर कठड्याशी मिठागराकडे तोंड करून उभा राहिला. विमला त्याच्याजवळ गेली.

"तुमच्या भावाकडे जाता येईल?" तिनं विचारलं.

"जयवंताच्या खोलीत नऊ माणसं आहेत. तुला माहीत आहे."

"मग?"

"मग काय, विमल? तारीख तिची आहे." आणि एवढं बोलून तो उंचापुरा माणूस कठड्याला टेकून जमिनीवर बसला. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, त्याला असं तिनं कधी बघितलं नव्हतं. संपात तीन महिने घरी बसला होता तेव्हासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दशरथ पाळीला गेला. दहाच्या सुमाराला रुक्मिणीबाईंनी लुगडं नीट केलं आणि पायात वहाणा घातल्या. "मी जरा घाटकोपरला जाऊन येते. त्या शेठाक गाठतेच आज. माझ्या ट्रंकेकडे लक्ष ठेव हां."

"ठेवते, मावशी," विमला म्हणाली.

बाई कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. विमला दारात उभी होती. आपण काय करतोय याचा विचार तिनं केला नाही, केला असता तर हात उचलला नसता. तिनं ट्रंक उचलून बाहेर जिन्याशी ठेवली. मग वळकटी. मग स्टो, पातेलं, तांदळाचं सूप, दोरीवरचं लुगडं घडी करून. कुंदा डोळे फाडून बघत होती.

"आई, ते मावशींचं आहे."

"गप बस."

तिनं दार लावलं आणि आतून कडी घातली.

रुक्मिणीबाई तीन वाजता आल्या. पेढीला टाळंच होतं, चेहऱ्यावर धूळ, पाय सुजलेले. आपलं सामान बघून आधी त्यांना वाटलं चोरी झाली. त्यांनी दार वाजवलं. "विमला, गो विमला, दार उघड!"

विमला आत भिंतीला पाठ लावून बसली होती. कुंदाचं तोंड तिनं आपल्या पदरात दाबून धरलं होतं.

मग बाईंना कळलं. त्यांनी दारावर धपाधपा हात मारले. "काल तुका पेज वाढलंय मी! माझ्या हातची पेज खाल्लंस तू! तुझा तळपट होईल गो, तुका कधी घर लागूचा नाय!" शेजारच्या बाया जमल्या, कुणी विमलाला दरडावलं, कुणी म्हणालं, तिनं तरी काय करावं. दार उघडलं नाही. हळूहळू बाया पांगल्या. रुक्मिणीबाई ट्रंकेवर बसल्या आणि रडायला लागल्या. ते रडणं शिव्यांपेक्षा वाईट होतं.

दशरथ आला, त्यानं बघितलं, दार वाजवलं. विमलानं त्याला आत घेतलं आणि लगेच कडी घातली. ताट वाढलं तर जेवला नाही. त्यानं आपली घोंगडी उचलली, दार उघडलं आणि ती बाहेर बाईंच्या अंगावर घातली. बाईंनी ती जिन्यावरून खाली भिरकावून दिली. तो पुन्हा आत आला, आणि या वेळी कडी त्यानंच घातली.

शनिवारी दुपारी दोन माणसं आली. एक कोर्टाचा बेलीफ, दुसरा कागदांची पिशवी घेतलेला कारकून. त्यांनी खालच्या भिंतीवर नोटीस डकवली. चंद्रप्रकाश शेठनं अख्खी इमारत खोल्या विकण्याआधीच एका सावकाराकडे गहाण टाकली होती. कर्ज फिटलं नव्हतं. इमारतीवर जप्ती आली होती. दहाच्या दहा खोल्या कुणाच्याच नव्हत्या.

खाली एकच आक्रोश झाला. कुणी बेलीफच्या पायाशी पडलं. मार्तंडराव ठाण्याहून नुकतेच आलेले, ते नोटीस पुन्हा पुन्हा वाचत राहिले, जणू वाचता वाचता मजकूर बदलेल.

"लगेच बाहेर काढत नाही कुणाला," बेलीफ म्हणाला. "खटला चालेपर्यंत कोर्ट ठरवेल ते भाडं भरा. पण आज जो ज्या खोलीत राहतो त्याचं नाव यादीत पाहिजे. यादीत नसेल त्याचा उद्या काही संबंध नाही."

कारकून एकेक दार घेत वर आला. सहा झाली. सातच्या दाराशी त्यानं टाक शाईत बुडवला. विमलानं दार उघडलं. जिन्याशी रुक्मिणीबाई बसल्या होत्या, एका रात्रीत अर्ध्या झालेल्या. त्यांनी मान वर केली नाही. यादी म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावलंच नव्हतं.

"या खोलीत कोण राहतं?"

दशरथ पाळीवर होता. उत्तर विमलानंच द्यायचं होतं. नवऱ्याचं नाव तिच्या जिभेवर होतं. ज्या दारासाठी तिनं एवढं केलं ते दार सावकाराचं निघालं होतं. आता उरलं होतं ते फक्त या कागदावरचं एक नाव, आणि तेही नुसतं राहण्यापुरतं.

"रुक्मिणी परब," ती म्हणाली. "आणि दशरथ तावडे."

"एका खोलीत दोन कुटुंबं?"

"हो."

"नातं काय?"

"काही नाही. लिहा."

कारकुनानं लिहिलं. विमलानं ट्रंक उचलायला हात लावला, तर बाईंनी तो झिडकारला. स्वतः ओढत आत नेली आणि खिडकीखालची जागा धरली. मधे दोन हातांचं अंतर ठेवलं. पुढचे आठ महिने त्या विमलाशी एक शब्द बोलल्या नाहीत. दोन स्टो, दोन माठ, दोन दिवे. कुंदाला मात्र जवळ घ्यायच्या, तिच्या वेण्या घालायच्या, आणि विमला समोर बसून ते बघायची. दर महिन्याला भाडं भरायला आणि तारखेला हजर राहायला दशरथच जायचा, दोघांच्याही वतीनं. पाळी बुडायची, पगार कापला जायचा.

सप्टेंबरात बाईंचा मुलगा जहाजावरून उतरून थेट मुलुंडला आला. दारात उभा राहून त्यानं खोलीभर नजर फिरवली. परक्या बाईला स्टोशी बघून त्याच्या कपाळावर आठी पडली.

"आई, ही कोण?"

रुक्मिणीबाई सुईत दोरा ओवत होत्या. "हिनं मला बाहेर काढलंय," त्या म्हणाल्या, "आणि हिनंच नाव लिवलंय माझा."

मुलगा पुढे सरसावला. "मग मी हिला..."

"बस आधी. पाणी पी." त्यांनी दोरा दातानं तोडला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा विमलाकडे बघून बोलल्या, "त्याका एक पाट दी गो. माझ्याकडे एकच असा."

विमलानं पाट मांडला. पाण्याचा तांब्या तिनं दोन्ही हातांनी धरून त्याच्यापुढे ठेवला. खटल्याची पुढची तारीख नोव्हेंबरात होती.