लॅपटॉप झोपू नये म्हणून

"अहो, लाइट गेली! हात लावा, हात लावा आधी!"

सुवर्णाबाईंची हाक ऐकून सोपानराव तोंड धुता धुता तसेच आत धावले. ओला हात बंडीला पुसला आणि लॅपटॉपच्या बटणांखालच्या चौकोनावर एका बोटाने हळूच रेघ ओढली. अंधुक होत चाललेला पडदा पुन्हा उजळला. त्यावर गोकुळ होता, इस्त्रीच्या शर्टातला, बोलता बोलता थांबलेला.

गोकुळ त्यांचा एकुलता एक. कुरकुंभच्या एका कारखान्यात कंत्राटावर लॅबमध्ये होता. रात्रपाळी उरकून मोटारसायकलवर शिरूरला येताना चौफुल्याजवळ त्याला ट्रकने उडवलं, तो जागीच गेला. मोबाइलचा तर सिमसकट तिथेच चुरा झाला. घरी राहिला तो हा लॅपटॉप. पुण्यातल्या इंटरव्ह्यूसाठी तो स्वतःचंच शूटिंग करून बघायचा, त्यातलं शेवटचं उघडंच राहिलं होतं. बटणांमधली लांब पट्टी दाबली की तो इंग्रजीत नाव, गाव, शिक्षण सांगायला लागे. मग मागून सुवर्णाबाईंचाच आवाज येई, "गोकुळ, ताट वाढलंय." तो मान वळवून म्हणे, "आलो गं, थांब की जरा," आणि हसे. त्या एका वाक्यासाठी दोघं सगळं इंग्रजी मन लावून ऐकत.

गोकुळचा मित्र रोहन पुण्याला नोकरीला होता. त्याने फोनवर समजावलं होतं. "मामा, चार्जरवर असंल तवर झोपायचं न्हाई, अशी सेटिंग त्यानंच करून ठिवलीय. चार्जर निघाला की मातूर थोड्या वेळानं झोपतोय. झाकण लावलं तर लगीच. आन् एकदा का झोपला, की उठताना गोकुळचा चेहरा मागतोय, न्हाईतर त्याचा नंबर. दहाव्याला येतो तवा पेन ड्राइव्हमधी काढून दितो. तवर सेटिंगला हात लावू नगा."

सोपानरावांची उभी हयात शिरूरच्या एसटी डेपोत हेल्पर म्हणून गेली होती. त्यांनी ते आपल्या भाषेत उतरवून घेतलं. "म्हंजी सेल्फ गेलेली गाडी हाय ही," ते बायकोला म्हणाले. "चहाला थांबलं तरी इंजिन बंद करायचं न्हाई."

तेव्हापासून घरात एवढं एकच काम उरलं. लाइट गेली की कुणीतरी लॅपटॉपपाशी बसायचं आणि अधूनमधून बोट फिरवायचं. भेटायला आलेली माणसं समोर रडत असत आणि सोपानरावांचं लक्ष पडद्याकडे असे. लोकांना ते विचित्र वाटलं असेल. वाटू दे. पोराचं काहीच आपल्याला राखता आलं नाही, एवढं तरी राखू, असं त्यांना वाटत होतं.

दहाव्याला सगळे घोडनदीच्या घाटावर गेले. सुवर्णाबाईंना घर सोडवत नव्हतं, पण बायकांनी हाताला धरून नेलं. घरी सोपानरावांची थोरली बहीण कुशाबाई थांबली. रोहन पुण्याहून थेट घाटावरच आला. पिंडाला कावळा शिवला तसं त्याने खिशातला पेन ड्राइव्ह काढून सोपानरावांना दाखवला. इतक्या दिवसांत सोपानरावांना पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

घरी आले तर फरशी लख्ख धुतलेली होती. अंथरुणं-पांघरुणं दोरीवर वाळत होती. लॅपटॉप कपाटावर ठेवलेला, झाकण लावलेला, वर धुतलेला रुमाल घातलेला.

"आक्का," सुवर्णाबाई दारातूनच म्हणाल्या. "झाकण कुणी लावलं?"

"म्याच लावलं की. समद्या घरात पाणी, आन् तुमचा त्यो बोर्ड खाली. कुणाला करंट बसला म्हंजी? पिन काढली, पुसून नीट वर ठिवला." कुशाबाईने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. "का गं? काय झालं?"

तिला काय बोलणार? सुतक फिटताना घर धुवायचंच असतं, आणि तिने ते भाच्यासाठी रडत रडत धुतलं होतं. तिला सगळं सांगायचं राहून गेलं होतं, एवढंच.

रोहनने झाकण उघडलं. पडद्यावर चेहरा शोधणारं डोळ्याचं चित्र आलं; तो डोळा इकडेतिकडे बघत राहिला आणि मिटला. रोहनने सुचतील ते नंबर घालून पाहिले. शेवटी लॅपटॉपने नंबरसुद्धा घेणं बंद केलं.

"दुसरा काय मार्ग आसंलच की," सोपानराव म्हणाले. "आमी गाडी ढकलून चालू करायचो."

"मार्ग हाय मामा, पण त्यो त्याच्या मेलमधनं जातोय. मेल उघडायला ओटीपी लागतोय, ओटीपी येतोय त्याच्या फोनवर. नवीन सिम काढायचं, तर दुकानात त्यालाच उभा करा म्हणत्यात." रोहन खाली बघत म्हणाला. "समदं पुसून नव्यानं चालू करता येतोय. पण मग त्यात काय ऱ्हात न्हाई."

"मग नगं," सुवर्णाबाई म्हणाल्या.

रोहन संध्याकाळच्या गाडीने गेला. पेन ड्राइव्ह टेबलावरच विसरला.

दिवेलागणीला सोपानराव उठले. भिंतीवरचा गोकुळचा फोटो त्यांनी खाली काढला. त्याचा झेंडूचा हार उतरवून बाजूला ठेवला. सुवर्णाबाईंनी न विचारता ओळखलं. काचेवर कपाळाच्या जागी लावलेलं गंध त्यांनी पदराने पुसून काढलं, तरी पिवळट डाग राहिला, तो जिभेवर बोट लावून घासला.

सोपानरावांनी दोन्ही हातांनी फोटो लॅपटॉपसमोर धरला. पडद्यावरचा डोळा उघडला, इकडेतिकडे बघून मिटला.

"जरा लांबनं धरा. लई जवळ झाला आसंल," सुवर्णाबाई म्हणाल्या.

त्यांनी लांबून धरला. मग दिव्याकडे तोंड करून धरला. हात भरून आले तसा फोटो मांडीवर टेकवला. पडदा काळा पडला. सुवर्णाबाईंचं बोट सवयीने पुढे गेलं आणि त्यांनी चौकोनावर हळूच रेघ ओढली. पडदा उजळला. डोळा पुन्हा शोधायला लागला, आणि सोपानरावांनी फोटो पुन्हा उचलला.