तीन तांब्यांचं तीर्थ

किन्हीराजा गावाच्या बाहेर, टिनाच्या शेडमध्ये माणसांची नुसती रेटारेटी चालली होती. पंजा महाराज काळ्या पिशवीतून कोरा कागद काढायचे, समोरच्याचा तळवा तीर्थात बुडवून त्यावर दाबायचे, आणि बघता बघता कागदावर काळाकुट्ट पंजा उमटायचा. शाई नाही, रंग नाही, तीर्थ तर पाण्यासारखं नितळ. बायका पदर तोंडाला लावून बघत राहायच्या.

"पाह्यलं? आतली बाधा बाहेर पडून राह्यली," महाराज म्हणायचे. "डाक्टरच्या मशीनले हाडं दिसतात. बाधा पाह्यले डोळा लागते."

पहिल्या खेपेला कोणाचाच पंजा कोरा निघत नव्हता. एका तालुक्यात एवढी झपाटलेली माणसं कशी, असं कोणी विचारलं नाही. दुसऱ्या खेपेला पंजा राखाडी यायचा, तिसऱ्या खेपेला दिसेल न दिसेल असा. तो फिकट कागद हातात देऊन महाराज सांगायचे, बाधा उतरली, आता गोळ्या-औषधं वाहत्या पाण्यात सोडा.

सुचिताला एका जागी उभं राहवत नव्हतं. आज तिच्या धाकट्या भावाची, आदर्शची तिसरी खेप होती. आदर्शला आकडीचे झटके यायचे. वाशीमच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्यापासून ते थांबले होते. पण त्याच्यासाठी स्थळ आलं होतं आणि आईनं, गिरजाबाईनं, धसका घेतला होता.

"रोज गोळ्या खाणाऱ्याले पोरगी कोण देईन? आज कागद कोरा आला का त्या डब्या फेकून देतो," ती म्हणाली. मळ्यातल्या पालक-मेथीची टोपली तिनं महाराजांसाठी आणली होती.

सुचिता वाशीमला नोकरी करायची आणि सकाळीच बसनं आली होती. शेडमध्ये पाय ठेवल्यापासून तिला एक ओळखीचा आंबूस वास छळत होता. तिच्या खोलीतल्या न्हाणीत तो हल्ली रोज असे. जुना कॅमेरा घेऊन काळेपांढरे फोटो घरीच धुवायचा नाद तिला नुकताच लागला होता, आणि नवशिक्याच्या सगळ्या चुका करून झाल्या होत्या. पहिल्यांदा डेव्हलपर, म्हणजे कागदावर फोटो उमटवणारं औषध, पाणी न घालताच ओतलं, तर फोटो डोळ्यांदेखत कोळसा झाला. मग घाबरून इतकं पाणी घातलं, की माणसांचे चेहरे राखेसारखे आले. औषध बिघडलं म्हणून बाटली फेकणार होती. ते बिघडलं नव्हतं, पातळ झाल्यामुळे फक्त हळू चालत होतं. तिनंच कागद लवकर उचलला होता.

महाराजांचा चेला रामधन तीर्थ ओतत होता. त्याच्याजवळ तीन तांबे होते. नव्या माणसाला लाल दोऱ्याचा, दुसऱ्या खेपेला पिवळ्या दोऱ्याचा, तिसऱ्या खेपेला पांढऱ्या. सुचितानं दोऱ्यांकडे पाहिलं, मग महाराजांच्या तपकिरी पडलेल्या नखांकडे, आणि मग स्वतःच्या तशाच डागाळलेल्या बोटांकडे.

आदर्श पुढे बसला. पांढऱ्या दोऱ्याचं तीर्थ, तळवा, कागद. फिकट पंजा दिसू लागला तसे महाराज गरजले, "उतरली!" गिरजाबाई रडायलाच लागली. महाराज कागद घाईघाईनं शेजारच्या परातीत बुडवणार, तेवढ्यात सुचितानं तो ओढून घेतला.

"थांबा जरा. मले पाहू द्या."

फिकट पंजा लोकांसमोर गडद होऊ लागला. राखाडी झाला, मग काळपट. गर्दी मागे सरकली. महाराज तयारीचे होते.

"हिच्या संशयानं बाधा पलटली. बाईले बाहेर काढा."

दोघंतिघं पुढे आले. आई म्हणाली, "सुचे, काहून माह्या पोराच्या जिवावर उठली वं?" ते सुचिताला फार लागलं, पण ती हटली नाही. तिनं टोपलीतलं पालकाचं पान उचललं, लाल दोऱ्याच्या तांब्यात बुडवलं आणि महाराजांच्या पिशवीतल्या नव्या कागदावर दाबलं. शिरांसकट काळंभोर पान उमटलं.

"महाराज, या पालकाले कोण लागलं?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सुचितानं तांबे उचलून दाखवले.

"हा फोटोचा कागद हाये. उजेड लागलेल्या या कागदावर हे औषध जिथं पडते, तिथं तो काळा होते. लाल तांब्यात औषध घट्ट, पिवळ्यात पाणी घातलेलं, पांढऱ्यात नुसतं नावाले औषध. पातळ औषध हळू चालते, आन् काळं व्हाच्या आधीच महाराज कागद त्या परातीत टाकतात. परातीतलं औषध त्याले तिथंच थांबवते. बाधा कमी नाई झाली, पाणी जास्त झालं. महाराज, आता तुमचा हात घाला लाल तांब्यात."

महाराजांनी हात कफनीत घेतला. रामधन तांबे आवरू लागला, तेव्हा लोकांनीच त्याला अडवलं.

गिरजाबाई मात्र आदर्शकडे बघत होती. तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, दुसऱ्या खेपेपासून मी गोळ्या घेतल्याच नाईत. राखाडी आला होता ना कागद."

"आन् आज माय कशी आली इथं?"

"माह्याच गाडीवर. मागं बसून."

मोटारसायकल शेडच्या बाहेर, हमरस्त्याच्या कडेला उभी होती. त्या रस्त्यानं ट्रक धावत होते. गिरजाबाईनं पोराच्या हातातली किल्ली काढून कमरेला खोचली.

"डाक्टरले फोन लाव, सुचे. काय-काय केलं ते मी सांगतो."

"आन् पोरीकडच्याइले?"

"त्याइलेबी मीच सांगतो. गोळी खाते म्हणून जित्ता हाये."

हे वाचणाऱ्यांना एवढीच विनवणी. चमत्कार दाखवणारा घाई करू लागला, की त्याचा हात धरा, थोडं थांबा आणि तेच दुसऱ्या वस्तूवर करून बघा. आणि चालू असलेलं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आदर्शला त्या सकाळी रस्त्यात झटका आला नाही, ही कोणाची कृपा नव्हती. तो वाचला, त्याची आई वाचली. दरवेळी असं वाचता येत नाही.