लहान दंडाचा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, मित्रांनो, दंडाचा. डॉक्टर तुमच्या दंडाला काहीतरी गुंडाळतात, फुसफुस हवा भरतात आणि रक्तदाब मोजतात ना, तो मी. त्यातही मी लहान मुलांच्या मापाचा. माझं कापड आता विटलं आहे, रबरी नळी दोन ठिकाणी चिरली आहे, आणि माझी चिकटपट्टी धरते कमी, सुटतेच जास्त. पूर्वी हवा भरली की मी कसा टरारून फुगायचो! आता फुगायचंही जिवावर येतं. तरी आज माझी हकिगत सांगतो. ऐकून घ्या, फार वेळ घेणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लांबच लांब टेबलांवर निळं कापड कापलं जायचं. आतली रबरी पिशवी फुगवून पाण्यात बुडवायची, आणि एक जरी बुडबुडा आला तरी तिची रवानगी थेट टाकाऊ टोपलीत व्हायची. मी त्या परीक्षेत पास झालो. मोठ्या माणसांच्या दंडाचा पट्टा माझा थोरला भाऊ. कारखान्यातून तो हजारांनी बाहेर पडायचा आणि आम्ही धाकटे मूठभर. त्याला सगळीकडून मागणी होती. आमची आठवण क्वचितच कुणाला यायची.

मला मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात, मुलांच्या किडनी विभागात जागा मिळाली. किडनी म्हणजे पाठीकडे दडून बसलेली, रक्त गाळणारी आणि लघवी तयार करणारी जोडी. लहान मुलांची किडनी बिघडली तर आधी कुणाच्या लक्षातच येत नाही. सकाळी डोळे सुजलेले दिसतात, घरचे म्हणतात, झोप जास्त झाली. मग पाय सुजतात, पोट फुगतं, रक्तदाब चढतो. मुलांच्या किडनीची जाण असलेले डॉक्टर मुळात थोडे, म्हणून अख्ख्या मुलखासाठी असा विभाग तेवढा एकच होता. तिथे एक डॉक्टरबाई होत्या, त्यांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर होते, मीठ किती खायचं ते सांगणाऱ्या आहारताई होत्या, आणि रक्त गाळणारी यंत्रं दिवसभर घरघरत असायची.

व्यवस्था चांगली होती, पण लांब होती. पहाटे घर सोडलेली मुलं दुपारी बाकावर पोहोचायची आणि आईच्या मांडीवर लवंडायची. काही तर इतक्या उशिरा यायची की डॉक्टरबाईंच्या हातात फारसं काही उरायचं नाही. शेवटी बाईंनी ठरवलं, मुलांनी इतक्या लांब यायचं त्यापेक्षा आपणच जावं. महिन्यातून एकदा त्या दूरच्या एका गावातल्या छोट्या रुग्णालयात जाऊ लागल्या. मधल्या आठवड्यांत तिथल्या सिस्टरांनी मुलांचा रक्तदाब मोजून फोनवर कळवायचा आणि बाईंनी त्यावरून गोळी कमीजास्त करायची, असं ठरलं. बाईंच्या पिशवीत माझी जागा पक्की झाली. रस्ता खड्ड्यांचा होता आणि मी तपासणीच्या हातोडीखाली चेंगरून जायचो, पण मनातून खूश होतो. खोटं कशाला सांगू?

त्या गावात मला भिंगरी भेटली. तिचे वडील सायकली दुरुस्त करायचे. पोरगी एका जागी ठरत नाही म्हणून त्यांनीच हे नाव ठेवलं होतं. पहिल्यांदा मला दंडाला गुंडाळलं तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि तिने बाईंना विचारलं होतं, "हा मला चावतो का?" तिची किडनी आजारी होती. रक्तदाबाची गोळी वेळेवर आणि बेताची मिळाली तर ती किडनी पुष्कळ वर्षं चालणार होती. सगळं रक्तदाबाच्या त्या एका आकड्यावर होतं.

पुढे तरुण डॉक्टर नोकरी सोडून गेले. मोठ्या विभागात बाई एकट्या उरल्या आणि त्यांच्या नाकी नऊ आले. गावची फेरी एकदा चुकली, दुसऱ्यांदाही चुकली. मी पिशवीत पडून होतो. फोन मात्र दर आठवड्याला न चुकता यायचा. सिस्टर डोळ्यांत तेल घालून काम करणाऱ्या होत्या. भिंगरीचा आकडा छान येतोय, असं त्या आनंदाने सांगायच्या. आकडा छान म्हणून बाईंनी गोळी अर्धी केली. तरीही छानच, म्हणून बंद केली.

तिसऱ्या महिन्यात आम्ही गावी पोहोचलो, तर भिंगरी बाकावर डोकं धरून बसली होती. पोरगी आपणहून एका जागी बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"बीपी एकदम छान आहे असं सिस्टर म्हणतात हो मॅडम," तिचे वडील म्हणाले. "पण पोर सारखं डोकं दुखतं म्हणते. फळ्यावरचं दिसत नाही म्हणते. चष्मा लागला असेल म्हटलं. तुम्ही आज येणार होतात, म्हणून थांबलो."

बाईंनी मला तिच्या दंडाला गुंडाळलं. तबकडीचा काटा वर चढला आणि हवा सोडल्यावर बाईंना पहिला ठोका ऐकू आला तो भलत्याच उंचीवर. त्यांनी पुन्हा मोजलं. दुसऱ्या दंडावर मोजलं. मग कानातल्या नळ्या हळूच काढल्या.

"सिस्टर, तुम्ही हिचं बीपी कुठल्या पट्ट्याने मोजता?"

"कुठल्या म्हणजे? आपल्याकडे एकच आहे ना. भिंतीवरचा."

भिंतीवर माझा थोरला भाऊ होता. भिंगरीच्या काडीसारख्या दंडाला तो खांद्यापासून कोपरापर्यंत झाकून वर दोन वेढे उरायचा. मित्रांनो, लहान दंडाला मोठा पट्टा गुंडाळला की आकडा असतो त्याहून कमी दिसतो. फेऱ्या चालू होत्या तोवर बाई स्वतः माझ्याने मोजून गोळी ठरवायच्या, म्हणून ही चूक कळलीच नव्हती. यंत्र बिघडलेलं नव्हतं. सिस्टरांचे कान चांगले होते. फोन वेळेवर जात होता, बाईंचं औषधांचं ज्ञान पक्कं होतं. प्रत्येकाने आपलं काम चोख केलं, आणि त्या चोख कामाने पोरीची गोळी काढून घेतली.

सिस्टरांनी भिंतीवरचा पट्टा काढून हातात घेतला. "मी दर वेळी दोनदा मोजलं हो, मॅडम."

"माहितीये मला. मी महिन्यातून एकदा हा पट्टा घेऊन येते आणि परत घेऊन जाते. मी गेल्यावर तुम्ही कशाने मोजता, हे मी कधी विचारलंच नाही."

पोरीला घेऊन आम्ही लगेच शहराकडे निघालो. रुग्णवाहिकेत भिंगरीला झटका आला. तिचे हातपाय ताठ झाले, डोळे फिरले. वडील तिच्या पायांना धरून नुसते "बाळा, बाळा" म्हणत होते. बाई औषध देत होत्या आणि मला पुन्हा पुन्हा फुगवत होत्या. त्या प्रवासात माझ्या नळीला पहिली चीर गेली. मला तिचं काहीच वाटलं नाही. काटा खाली यावा, एवढंच मी मागत होतो.

भिंगरी वाचली. तिला फळाही दिसू लागला. किडनीचं मात्र त्या दोन महिन्यांत नुकसान झालं, आणि ते काही भरून निघालं नाही.

बाईंनी त्या गावासाठी लहान पट्टा मागितला. वरून उत्तर आलं, ते रुग्णालय मोठ्यांचं आहे. मुलांचं सामान मुलांच्या विभागाला मिळतं आणि तो विभाग शहरात आहे. बाईंनी पुन्हा मागितला. रुग्णालयांना सामान वाटणाऱ्या भांडारातले साहेब हसून म्हणाले, "बाई, एवढ्याशा पट्ट्याचं काय घेऊन बसलात?" बोलून बोलून बाई थकल्या होत्या. पुढच्या फेरीत त्यांनी मला पिशवीतून काढलं, सिस्टरांच्या हातात ठेवलं आणि रिकामी पिशवी घेऊन परत गेल्या.

तेव्हापासून मी इथेच आहे. किती दंड आले आणि गेले! रडणारे, लाथा झाडणारे, तापाने फणफणलेले. ज्यांचा आकडा वेळेत कळला ती मुलं घरी जाऊन मला विसरली, आणि तसंच व्हायला हवं. एकदा कुणीतरी खिडकीची आपटणारी झडप बांधायला मला वापरलं. सिस्टरांनी त्याची अशी बिनपाण्याने केली, की पुन्हा मला कुणी हात लावला नाही. पण आता खरंच दमलो आहे. मी जायचा तो दिवस आला, की या गावातल्या मुलांचं काय, या विचाराने फुगायला लागतो आणि मध्येच फुस्स होतो.

परवा भिंगरी आली. या आजारात आणि त्याच्या औषधांत मुलांची वाढ खुंटते. कित्येक वर्षं ती तेवढीच होती. सिस्टरांनी मला गुंडाळलं. माझ्यावर दोन रेघा छापलेल्या आहेत. पट्ट्याचं टोक त्यांच्यामध्ये बसलं तरच माप बरोबर. टोक रेघेपर्यंत पोहोचेना. सिस्टरांनी ओढून पाहिलं, मग सोडून दिलं.

"भिंगरे, हा तुला आता होत नाही गं."

"म्हणजे मी मोठी झाले?"

"झालीस की! दंड बघ केवढा झालाय."

वडिलांनी तोंड खिडकीकडे वळवलं. सिस्टरांनी भिंतीकडे पाहिलं. थोरला अजूनही तिला ढगळ होणार होता, आणि आम्हा दोघांच्या मधल्या मापाचा पट्टा इथे नाहीच. त्यांनी फोन उचलला.

"मॅडम, भिंगरीचा आकडा आज देत नाही. तिच्या मापाचा पट्टा नाहीये माझ्याकडे. चुकीचा आकडा मी सांगणार नाही. आधी पट्टा पाठवा, नाहीतर तुम्ही घेऊन या."

मित्रांनो, माझी कुणी पूजा करावी असं मी म्हणत नाही. तुमच्या दंडाला कुणी पट्टा गुंडाळला, तर एवढंच विचारा, "हा माझ्या मापाचा आहे का?" विचारायला लाजू नका. आणि मोठे होऊन भांडाराच्या खुर्चीवर बसलात, तर लहान मुलं सगळ्या गावांत राहतात, एवढं ध्यानात ठेवा.

काल सिस्टरांनी माझ्या शेजारी भिंतीत आणखी एक खिळा ठोकला. अजून तो रिकामा आहे. भिंगरीला त्यांनी पुढच्या आठवड्यात बोलावलं आहे.